सापडलेल्या मुलालाच उपचार



अध्यक्षानं शास्त्राचा आढावा घ्यावा आणि पुढच्या कामाची दिशा सांगावी, असा रिवाज आहे. आढाव्यासाठी मी एकच विषय घेतला आहे: अंतर्कर्णातल्या ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी.

मटाराच्या दाण्याएवढ्या कॉक्लियात, म्हणजे अंतर्कर्णातल्या शंखात, सुमारे साडेपंधरा हजार केशपेशी असतात. त्यांपैकी साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या रांगेत आणि उरलेल्या बाहेरच्या तीन रांगांत. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक असतात. कानाचं सगळं भांडवल मात्र एवढंच, आणि ते जन्मानंतर वाढत नाही. ध्वनीची वार्ता मेंदूकडे नेणारे सुमारे ९५ टक्के तंतू आतल्या साडेतीन हजार पेशींपासून निघतात. मग बाहेरच्या बारा हजार पेशी कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर १९४८ सालीच सुचवलं गेलं होतं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. ते सुचवणारा केंब्रिजचा तरुण संशोधक म्हणजे थॉमस गोल्ड. युद्धकाळात त्यानं रडारवर काम केलं होतं. डॉ. जयंत नारळीकरांचे वाचक त्याला वेगळ्या कारणानं ओळखतात. विश्वाच्या स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडणाऱ्या तिघांपैकी तो एक, आणि तेही त्याच वर्षी. गोल्ड म्हणाला, कॉक्लियात द्रव आहे आणि द्रवात कंपनं लगेच विरतात. तरीही कान इतके जवळजवळचे स्वर वेगळे ओळखतो, म्हणजे आत कंपनांना ऊर्जा पुरवणारी जिवंत यंत्रणा असलीच पाहिजे. आणि ती असेल, तर कानातून आवाज बाहेरही यायला हवा.

त्या काळी गेओर्ग फॉन बेकेशींचा शब्द प्रमाण होता. ध्वनीमुळे कॉक्लियात उठणारी प्रवासी लाट त्यांनी दाखवली आणि त्यासाठी १९६१चं नोबेल त्यांना मिळालं. पण ती लाट त्यांनी पाहिली होती मृत माणसांच्या कानांत, आणि मृत कानात ऊर्जा कोण पुरवणार? गोल्ड खगोलशास्त्राकडे वळला. तीस वर्षांनी, १९७८ साली, लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानाच्या नळीत बारीकसा मायक्रोफोन बसवला, ‘टक्’ असा आवाज सोडला आणि काही मिलिसेकंदांनी आतून आलेला आवाज टिपला. १९८५ साली विल्यम ब्राउनेल यांनी बाहेरच्या केशपेशी विद्युतदाबानुसार आखडतात आणि लांबतात हे दाखवलं. २००० साली पीटर डॅलस यांच्या प्रयोगशाळेनं त्यामागचं प्रथिन शोधलं: प्रेस्टिन. म्हणजे बाहेरच्या पेशी आवाज वाढवतात आणि आतल्या तो मेंदूला कळवतात.

केम्प यांच्या त्या प्रयोगातूनच आपली ओएई चाचणी आली. झोपलेल्या बाळाची ती काही मिनिटांत होते. बाळानं मान वळवण्याची, हसण्याची वाट पाहावी लागत नाही.

पण या चाचणीची मर्यादा तिच्या शास्त्रातच आहे. ती फक्त बाहेरच्या पेशींची खबर देते. आतली पेशी किंवा तिच्यापासून निघणारी नस बिघडली असेल, तर बाळ ओएईत ‘पास’ होतं आणि तरी त्याला ऐकू येत नाही. जन्मल्यावर तीव्र कावीळ झालेल्या काही बाळांचं असंच होतं. ओटोफर्लिन या प्रथिनाचा जनुक सदोष असलेल्या मुलांचंही तेच. आतल्या पेशीपर्यंत ध्वनी पोहोचतो, पण पुढे नसेला निरोप द्यायला लागणारं रसायन बाहेर पडत नाही.

आता २०२४ सालची बातमी ऐका. शांघायच्या डॉक्टरांनी अशाच सहा मुलांच्या एकेका कानात निर्दोष जनुक सोडला. तो इतका लांब आहे की एका विषाणूत मावत नाही, म्हणून दोन भाग करून दोन विषाणूंमधून पाठवावा लागला. सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. जन्मजात बधिरतेवरचा जनुकीय उपचार ज्यांच्यासाठी पहिल्यांदा हाती आला, ती मुलं नेमकी आपल्या ओएईतून निसटणारी आहेत. मला आज सांगायचं आहे ते एवढंच: संशोधनाचं फळ सापडलेल्या मुलालाच मिळतं.

मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतील का, असं रुग्ण विचारतात. कोंबडीच्या पिल्लांत त्या उगवतात, हे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालं. माणसाच्या कॉक्लियात उगवत नाहीत. अशी आशा दाखवणारं एक अमेरिकी औषध २०२३ साली चाचणीत निष्प्रभ ठरलं. तेव्हा आहेत त्या पेशी राखणं हाच आजचा व्यवहार. क्षयावर दिली जाणारी अमिकासिनसारखी इंजेक्शनं आणि कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन या पेशी मारतात, आणि सुरुवात उंच स्वरांच्या टोकापासून होते. गणेशोत्सवातल्या डीजेच्या भिंतीही या पेशी मारतात. ‘स’, ‘श’ विरू लागतात आणि रुग्ण सांगतो, “डॉक्टर, ऐकू येतं, पण कळत नाही.” तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून तीन सूचना मांडतो. पहिली, प्रत्येक प्रसूतिगृहात ओएई व्हावी. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार हे वेळापत्रक पाळलं जावं. दुसरी, अतिदक्षता कक्षात राहिलेल्या आणि तीव्र कावीळ झालेल्या बाळांची ओएईबरोबर बेरा, म्हणजे कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची चाचणीही व्हावी. आणि ओएईत पास झालेलं मूल बोलत नसेल, तर जुना कागद पाहून त्याला परत न पाठवता त्याची बेरा करावी. तिसरी, कानाला घातक औषध सुरू करण्याआधी आणि ते चालू असताना रुग्णाच्या उंच स्वरांची तपासणी करावी, आणि हे छातीरोग व कॅन्सर विभागांतल्या सहकाऱ्यांना आपण जाऊन सांगावं.

शांघायचा उपचार आपल्या तालुक्यापर्यंत कधी पोहोचेल, हे ठरवणं आपल्या हातात नाही. पण तो येईल तेव्हा कोणत्या मुलांना द्यायचा, त्यांची नावं आपल्याकडे असावीत, हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. उद्याच्या खुल्या अधिवेशनात या सूचना ठराव म्हणून याव्यात, अशी विनंती करतो आणि थांबतो.