मोजके अन्न आणि दीर्घ आयुष्य
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांचा सत्कार आताच झाला. त्यानिमित्त दीर्घायुष्यावर आम्ही बोलावे, अशी मंडळाची आज्ञा आहे. शाळेत शास्त्र शिकविले, एवढाच आमचा अधिकार.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ साली उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांना दूध सुटताच अन्न मोजून दिले. जीवनसत्त्वे व क्षार मात्र उणे पडू दिले नाहीत. त्यांतले नर, पोटभर खाणाऱ्या नरांपेक्षा पुष्कळ अधिक जगले. पण या उंदरांची वाढ खुंटली, हे सांगावयास लोक विसरतात.

पुढे १९९३ साली सिंथिया केन्यन यांनी, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत 'डॅफ-२' या एकाच जनुकात बदल असता आयुष्य दुप्पट होते, असे दाखविले. आपल्या शरीरात इन्शुलिनचा निरोप घेणारी जी यंत्रणा, तिच्याच कुळातले हे जनुक. तथापि कृमीचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे. त्यावरून माणसाचे गणित मांडणे धाडसाचे होईल.

माकडांची कथा अधिक बोधप्रद आहे. विस्कॉन्सिन येथे कमी खाणारी माकडे अधिक काळ निरोगी राहिली, असे २००९ मध्ये कळले. दुसऱ्या एका अमेरिकी सरकारी संस्थेत २०१२ मध्ये आयुष्यात तसा फरक आढळला नाही. विस्कॉन्सिनची इतर माकडे साखरयुक्त अन्न मनसोक्त खात होती. दुसऱ्या ठिकाणी त्यांनाही बेतानेच मिळे. जो मुळातच बेताने जेवतो, त्याचे ताट आणखी रिकामे करून काय साधणार? माणसांवरही दोन वर्षे प्रयोग झाला. आहार चतुर्थांशाने घटवावयाचा होता, घटला सुमारे १२ टक्के. रक्तदाब सुधारला, पण हाडांची घनता थोडी उतरली.

आमची एकादशी साबुदाण्याच्या खिचडीने साजरी होते, तिची गणना यात करू नये! पण घरातल्या सुना सर्वांमागून उरलेसुरले खातात, तीही मिताहारात मोडत नाही. ती उपासमार होय. मॅके यांच्या उंदरांना जीवनसत्त्वे तरी पुरी मिळत होती.

आमच्या मातोश्री पंगत उठल्यावर जेवीत. त्यांच्या ताटात काय असे, ते आम्ही कधी पाहिले नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या.

आज रात्रीच्या भोजनात वाढणाऱ्या भगिनींची पाने पहिल्या पंगतीत मांडावीत आणि त्या पंगतीस पुरुषांनी वाढावे, अशी विनंती आम्ही व्यवस्थापकांस केली होती. ती मान्य झाली आहे. वाढप्यांची नावे प्रवेशद्वाराशी लिहून घेतली जात आहेत. पहिले नाव आमचे आहे.