बिल कोणाच्या नावावर आहे?

आपल्याकडे थंडी पडली की हुरडा आणि शेकोटी आठवते. इंग्लंडमध्ये मी बरीच वर्षे राहिले. तिथे नोव्हेंबर लागला की आठवायचे ते गॅसचे बिल. बहुतेक घरांत गॅसच्या बॉयलरवर पाणी तापते आणि ते नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरते. बॉयलर बंद केला की भिंती गार पडू लागतात. पगार थोडा किंवा पेन्शन तुटपुंजी असेल, तर पोटाला खायचे की घर तापवायचे, हा प्रश्न तिथे खराच पडतो.

निवृत्त झाल्यावर मी एका सल्ला केंद्रात आठवड्यातून एक दिवस मदतीला जात असे. २०२४ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे एक मराठी काकू आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, घरी एकट्या. अंगात दोन स्वेटर, वर कोट आणि हातात न उघडलेल्या पाकिटांची पिशवी. घर तापवणे त्यांनी बंदच केले होते. दुपार वाचनालयात काढायच्या, कारण तिथे ऊब फुकट.

त्या वर्षी ब्रिटिश सरकारने वृद्धांना हिवाळ्यात मिळणारी 'विंटर फ्युएल पेमेंट' ही रक्कम इंग्लंड आणि वेल्समध्ये सरसकट देणे थांबवले होते. 'पेन्शन क्रेडिट' किंवा तसे दुसरे उत्पन्नावर आधारित साहाय्य घेणाऱ्यांनाच ती मिळणार होती. पेन्शन क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना पेन्शनवर मिळणारी भर. काकू त्यात बसत होत्या, पण त्यांनी अर्जच केला नव्हता.

"काकू, अर्ज का नाही केलात?"

"अगं, सरकारपुढे हात कशाला पसरायचे? लोक काय म्हणतील?"

"किती वर्षं नोकरी केलीत इथे?"

"अठ्ठावीस. शिवणाच्या कारखान्यात."

"कर भरलात ना? मग ही भीक कशी?"

काकू बोलल्या नाहीत, पण त्यांनी पिशवी माझ्यापुढे सरकवली.

हा अर्ज तीन महिने मागे जाऊन लागू होतो. त्यामुळे त्या हिवाळ्याची रक्कम हवी असेल, तर २१ डिसेंबरपर्यंत अर्ज करणे भाग होते. आम्ही फोनवर तो केला. काकूंना हिवाळ्याचे २०० पौंड मिळाले आणि दर आठवड्याच्या पेन्शनमध्ये भर पडली. शिवाय सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली राहिले, की २५ पौंडांची 'कोल्ड वेदर पेमेंट' आपोआप मिळण्याची सोय झाली.

राहिली विजेच्या बिलातली १५० पौंडांची 'वॉर्म होम' सवलत. तिच्यासाठी बिल स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नावावर लागते. काकूंचे बिल अजून यजमानांच्या नावावर होते, आणि त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. "त्यांचं नाव दारावरून काढलं, बँकेतून काढलं. हे एक राहू दे म्हटलं," काकू म्हणाल्या. त्या दिवशी मी आग्रह केला नाही. पुढच्या आठवड्यात त्या स्वतःच आल्या आणि म्हणाल्या, "लाव फोन कंपनीला." पुढच्या हिवाळ्यात त्यांना ती सवलत मिळाली.

२०२५ मध्ये सरकारने विंटर फ्युएल पेमेंट पुन्हा बहुतेक वृद्धांना सुरू केली. वार्षिक ३५ हजार पौंडांपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्यांकडून ती करातून परत घेतली जाते. पण पेन्शन क्रेडिटसाठी अर्ज अजूनही स्वतःच करावा लागतो. बिल थकले असेल, तर कंपनीची पत्रे पिशवीत न ठेवता लगेच फोन करावा. झेपेल असा हप्ता ठरवून देणे नियमाने कंपनीवर बंधनकारक आहे. मात्र मुलाबाळांकडे व्हिसावर गेलेल्यांनी आधी व्हिसाची अट पाहावी. सरकारी साहाय्य घेण्यास मनाई असेल, तर अर्ज केल्याने व्हिसाच अडचणीत येऊ शकतो.

तुमची आत्या, मावशी, मामा कोणी तिथे एकटे राहत असतील, तर फोनवर "थंडी किती आहे?" एवढेच विचारू नका. घर तापवता ना, हे विचारा. आणि बिल कोणाच्या नावावर आहे, तेही विचारा.