छडी गेली, पुढे काय?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



प्राथमिक शाळेतील शिस्त हा विषय राजकीय शिबिरात कशासाठी, असे काहींना वाटेल. परंतु शिस्तीच्या नावाखाली कोणाचे मूल शाळेबाहेर फेकले जाते, हे पाहिले की या शंकेचे निरसन होते. ऊसतोडणीला आईबापांबरोबर गेलेले मूल हंगाम संपल्यावर वर्गात परतते. फळ्यावरचे त्याला उमजत नाही. ते चुळबुळ करते, शेजाऱ्याला डिवचते. गुरुजी त्याला व्रात्य ठरवून छडी उगारतात. काही दिवसांनी ते येईनासे होते.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी केली. हे स्वागतार्हच आहे. परंतु छडीच्या जागी काय, हे शिक्षकाला कोणी शिकवायचे? याच कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत शिक्षक दोनच. म्हणजे चौथीपर्यंतच्या शाळेतही प्रत्येकाकडे दोन इयत्ता आल्या. एकीला शिकवताना दुसरी रिकामी बसली, तर गोंगाट होणारच. हा मुलांचा दुर्गुण नव्हे. कामाच्या आखणीचा प्रश्न आहे.

ही आखणी शिकता येते. दुसऱ्या इयत्तेचे काम आधीच तयार ठेवणे, एका वेळी एकच सूचना देणे, नियम मुलांशी बोलून ठरवणे, चुकलेल्याला चारचौघांत न हिणवता बाजूला घेऊन विचारणे, खोडकर मुलावर एखादी जबाबदारी सोपवणे, या गोष्टी सरावाने साधतात. मात्र सभागृहातील व्याख्यानांनी त्या येत नाहीत. अनुभवी सहकाऱ्याने वर्गात बसून पाहावे, नंतर मोकळी चर्चा करावी आणि पुन्हा प्रयोग व्हावा, असेच प्रशिक्षण हवे.

शिक्षक प्रशिक्षित असावा व शेतकरीवर्गाच्या मुलांत मिसळणारा असावा, अशी मागणी महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे केली होती. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढून गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांपर्यंत शाळाच नेली. मुलाचे जीवन समजून घेतल्यावाचून त्याचे वर्तन समजत नाही, हाच त्याचा अर्थ.

प्रशिक्षणाची भाषा म्हणजे शिक्षकावर खापर फोडणे, असा आक्षेप काही साथी घेतील. रिक्त पदे तशीच ठेवून केवळ प्रशिक्षणाचे सोपस्कार उरकले गेले, तर तो आक्षेप खराच ठरेल. म्हणून भरती आणि प्रशिक्षण या दोन्ही मागण्या एकत्रच लढवल्या पाहिजेत.

शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्या गावच्या समितीत जा. कोणते मूल येईनासे झाले आणि का, हा पहिला प्रश्न विचारा. समतेच्या लढ्याची सुरुवात त्या रिकाम्या जागेपासून होते.