आईची चिडचिड, एक एक्सेल शीट आणि हार्मोन्स

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा आमच्या गावासारखी ज्यांची रेंज येऊन-जाऊन असते, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना माझं "म्हणजे" आणि "तर" जरा जास्तच झालं होतं, ते छाटलंय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

मी देवबागची. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर आमचं घर. बीटेक केलं, पुण्यातल्या कंपनीत लागले, आता बरंचसं काम घरूनच करते. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. त्यामुळे आज मी औषध सांगणार नाही. आमच्या घरात काय घडलं आणि त्यातून मला काय समजलं, तेवढंच सांगणार आहे. आईला विचारूनच बोलतेय. ती म्हणाली, "सांग, पण माझा नाव घेव नको."

आईचं वय ४७. घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. दिवाळी ते मे हा सीझन. आई पहाटे साडेपाचला उठते, घावणे, चटणी, मग मासे साफ करणं, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. शेवटचं ताट उचलेपर्यंत साडेदहा वाजतात. हे ती वर्षानुवर्षं करतेय आणि आम्हाला कधी त्याचं काही वाटलं नाही. मला पण नाही, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका पाहुण्यांनी तिसऱ्यांदा सोलकढी मागितली. आईने ती दिली, स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून रडायला लागली. बाबा घाबरले. मी विचारलं तर म्हणाली, "माका कायएक झालेला नाय. तू तुजा काम कर."

त्याआधी काही महिने ती चिडकी झालीच होती. भावाने चप्पल वाकडी ठेवली तरी तोंड सुटायचं. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, वय झालं, स्वभाव बदलतो. कोणी म्हणायचं मन रमव, कोणी म्हणायचं देवळात जा. पाळी मात्र दर वेळी नऊ-दहा दिवस चालत होती, गाठी पडत होत्या, आणि हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटी दाखवायला नेलं. कुठे ते सांगत नाही. पाच मिनिटांत निदान झालं, पिशवी काढून टाका, आता तिचं काय काम? सीझन संपला की जूनमध्ये ऑपरेशन. आई लगेच तयार झाली. तिला वाटलं, एकदाची कटकट जाईल.

मला ते "आता काय काम" खटकलं. कारण मी बीडबद्दल वाचलं होतं. आठवत असेल, २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची बातमी आली होती. गर्भाशय काढलेल्या बायकांची संख्या इतकी होती की सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहापैकी एक. पाळीमुळे खाडा झाला तर मजुरी कापली जाते, उचल फेडायची असते, मग पिशवीच नको. तिथली परिस्थिती आमच्यापेक्षा फार कठीण आहे, तुलना करत नाही. पण वाक्य तेच होतं. "आता काय काम?"

तर काम काय असतं, ते मी वाचायला बसले.

हार्मोन हा शब्द १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने वापरात आणला. मूळ ग्रीक, अर्थ साधारण "चालना देणं". एका ग्रंथीतून रक्तात सुटतं आणि दूर कुठेतरी जाऊन काम सुरू करतं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी आहे. ती बीजकोशांना निरोप पाठवते, बीजकोश इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन बनवतात, आणि त्यांचं प्रमाण बघून मेंदू पुढचा निरोप कमी-जास्त करतो. आमच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूप.

आता गंमत अशी की ही हार्मोन्स फक्त गर्भाशयापुरती नसतात. इस्ट्रोजेनचा परिणाम हाडांवर होतो, रक्तवाहिन्यांवर होतो, मेंदूतल्या सेरोटोनिनवर होतो. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात एक पदार्थ तयार होतो, तो मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. पाळीच्या आधी काही दिवस ही दोन्ही हार्मोन्स उतरतात. काही जणींना त्याचं काही वाटत नाही, काही जणींना रडू येतं, काहीच सुचत नाही. ज्यांना फार त्रास होतो त्यांच्या रक्तातलं हार्मोनचं प्रमाण बहुतेकदा नॉर्मलच असतं. त्यांचा मेंदू त्या चढ-उताराला जास्त संवेदनशील असतो, एवढंच. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे तुझ्या मनाचे खेळ" हे वाक्य चुकीचं आहे. मैत्रिणींनो, हे लिहून ठेवा.

आणि चाळिशीनंतर? सलग बारा महिने पाळी आली नाही की तिला रजोनिवृत्ती म्हणतात. भारतात ती सरासरी ४६-४७ च्या आसपास येते, पाश्चात्य देशांत ५१ च्या. पण त्याआधीची काही वर्षं जास्त अवघड. त्या काळात इस्ट्रोजेन एका रेषेत उतरत नाही, आमच्या खाडीच्या तोंडाशी पाणी जसं भरती-ओहोटीत हेलकावतं तसं वर-खाली होतं. मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग त्यामुळे हळवा होतो. जरा उकडलं तरी त्याला वाटतं फार तापलंय, आणि तो घाम सोडतो. रात्री दोन वाजता आई उठून पंख्याखाली का बसायची, ते मला तेव्हा कळलं. आम्हाला वाटायचं, देवबागात उकडतंच.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली. आठ आठवडे. रोज पाच रकाने: रक्तस्राव, रात्री किती वेळा जाग, दमणूक, चिडचिड, घरात पाहुणे किती. आई आधी हसली. मग रात्री स्वतःच हाक मारून सांगायला लागली, "आज तीन वेळा उठलंय, लिव."

मला वाटलं होतं पाहुणे जास्त तेव्हा चिडचिड जास्त. तसं नव्हतं. आदल्या रात्री झोप मोडली असेल, तर दुसऱ्या दिवशी पाहुणे दोन असोत की आठ, दिवस वाईट जायचा. एका बाईची आठ आठवड्यांची शीट म्हणजे संशोधन नव्हे, मला माहीत आहे. पण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा "जरा त्रास होतो" असं सांगण्याऐवजी आईने तो कागद पुढे ठेवला. यावेळी बोलणं पाऊण तास चाललं.

तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन साडेआठ. बायकांमध्ये ते किमान बारा असावं लागतं. इतकं कमी असताना आई दोन्ही हातांत पाण्याच्या कळशा घेऊन चालत होती. थायरॉईडचा टीएसएच वाढलेला. सोनोग्राफीत एक छोटी गाठ, साधी. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासला, त्यात काही वाईट निघालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन हा शेवटचा पर्याय, आधीचे पर्याय अजून वापरलेच नाहीत. लोहाच्या गोळ्या, थायरॉईडची गोळी, आणि गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं छोटं साधन, ज्याने रक्तस्राव कमी होतो.

त्यांनी अजून एक सांगितलं. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर हार्मोन एका दिवसात बंद होतात. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. हाडं आणि हृदय दोन्हींना धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. म्हणून ज्यांना ऑपरेशनची खरंच गरज आहे त्यांनी ते जरूर करावं, पण "बीजकोश ठेवणार की काढणार, आणि का" हा प्रश्न आधी विचारावा.

हे सगळं फक्त आमच्या घरातलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थायरॉईड मंद असण्याचं प्रमाण साधारण ११ टक्के होतं. मुंबई, गोवा, चेन्नई या किनाऱ्यावरच्या ठिकाणी थोडं कमी, पण तरी ९ टक्क्यांच्या वर. म्हणजे रोज मासे खातो म्हणून आपल्याला थायरॉईड होणार नाही, असं काही नाही. दमणूक, चिडचिड, झोप नाही, या तक्रारी तिन्हींच्या सारख्याच दिसतात. म्हणून अंदाज नको, तपासणी करा.

आता आई कशी आहे? पहिले तीन महिने थोडं थोडं स्पॉटिंग होतं, ती वैतागली होती. मग रक्तस्राव कमी झाला. हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. घाम अजून येतो, पण रात्री एकदाच उठते. जूनचं ऑपरेशन झालं नाही.

आणि चिडचिड? अर्धी गेली. अर्धी राहिली. मी मोठ्या उत्साहाने तिला हार्मोनचा आलेख काढून समजावत होते, तेव्हा ती म्हणाली, "हार्मोन गेले खड्ड्यात. रातची भांडी कोण घासतलो?"

मी गप्प झाले. कारण मी एक चूक सुधारून दुसरी करत होते. आधी आम्ही म्हणायचो, सगळा स्वभाव आहे. आता मी म्हणत होते, सगळं हार्मोन आहे. दोन्ही वाक्यांत तिचं ऐकायची गरजच उरत नव्हती. पहाटे साडेपाच ते रात्री साडेदहा राबणारा माणूस चिडला, तर त्याला कारण आहे. हार्मोनमुळे तिची सहन करायची ताकद कमी झाली असेल, पण ओझं खरंच होतं. आता रात्रीची भांडी बाबा आणि भाऊ घासतात. घावण्याचं पीठ मी रात्री वाटून ठेवते. सोलकढी पाहुण्यांनी स्वतः वाढून घ्यायची, मोठं पातेलं बाहेर ठेवलेलं असतं.

जाता जाता तीन गोष्टी. पाळी सात दिवसांच्या वर जात असेल, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, तर ते सोसायचं नाही. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी थोडं जरी, तर लगेच दाखवायचं. आणि जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील, तर पाळीचे दिवस संपायची वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आज घरी गेलात की आईला, बायकोला, वहिनीला विचारा, रात्री झोप लागते का? उत्तर "माका कायएक नाय" असंच येईल. तरी थोडा वेळ तिथेच बसा. जमलं तर भांडी घासत बसा.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.