पऱ्हाटीचं वजन, पऱ्हाटीचं मोल



कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की अमरावती-अकोल्याच्या शिवारात उभी राहते ती वाळकी पऱ्हाटी. थोडी चुलीत जाते, बाकीची धुऱ्यावर पेटते. हेक्टरी साधारण २ ते ३ टन माल हो हा! याच्याच पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या इंधनाच्या गोळ्या होतात.

गिऱ्हाईकही आहे. कोळशात जैवइंधनाच्या ५ टक्के गोळ्या मिसळाव्यात, असं धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं २०२१ साली औष्णिक वीज केंद्रांसाठी आणलं. आपल्या पारसला, नांदगाव पेठेला अशी केंद्रं आहेतच.

मग अडतं कुठं? वाहतुकीत. सुट्या पऱ्हाटीनं ट्रक भरतो, वजन मात्र भरत नाही. म्हणून शेतातच तुकडे करून माल न्यावा, तोही जवळच्याच पेलेटच्या कारखान्यात. उपटण्याची मजुरी वेगळी, अन् ती काही थोडी नसते.

दुसरा हिशेब ओलीचा. २० टक्के ओल असलेली १०० किलो पऱ्हाटी १० टक्क्यांवर वाळवली, तर उरते ८९ किलोच. ओला माल देणाऱ्याला भाव पडून मिळतो, यात कारखानदाराचा दोष नाही. मुळाची माती तर यंत्राचा साचाच झिजवते. त्यात माल येतो दोन-तीन महिनेच, कारखाना चालवायचा वर्षभर. मग तुराट्याही लागतात.

पऱ्हाटी वेळेवर निघाली, तर गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो. तेव्हा यंदा काडी लावण्याआधी जवळच्या कारखान्यात भाव विचारा, आणि मुळाची माती झटकूनच माल न्या.