पेठेचा संघ आणि तासावरचा टर्फ

आजचा विषय कोल्हापूरचा फुटबॉल. हो, कुस्ती नाही, फुटबॉल.

बाहेरच्या माणसाला पहिली गंमत वाटते ती संघांच्या नावांची. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. म्हणजे ज्या तालमीत आजोबांनी लाल मातीत शड्डू ठोकला, तिचंच नाव नातवाच्या जर्सीवर. संघ पेठेचा, कुणा मालकाचा नाही. शाहू स्टेडियमवर मॅच असली की रिक्षावाला, कॉलेजची पोरं, रिटायर्ड काका, सगळे एकत्र बसून एकाच रेफ्रीला शिव्या घालतात.

आणि आम्ही पुण्यातले आयटीवाले? ॲपवरून टर्फ बुक करतो. दहा जण जमतात, तासभर खेळतात, यूपीआयने पैसे वाटून घेतात, पांगतात. घाम निघतो, एवढं खरं. पण मागच्या शनिवारच्या गोलकीपरचं आडनाव विचारा कुणाला!

खेळ माणसं जोडतो म्हणतात. मला वाटतं, नुसता खेळ नाही जोडत. त्याच्या भोवतीची बिनपगारी कामं जोडतात. वर्गणी गोळा करा, जर्सी कुणाकडे राहिल्या ते शोधा, हरल्यावर रात्री कट्ट्यावर बसून भांडा. टर्फवर हे काहीच नाही, सगळं भाड्यात आलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा तालमी-मंडळांची पोरं मदतीला उतरली. कुणाच्या घरी म्हातारी माणसं आहेत, हे त्यांना ॲपवर शोधावं लागत नाही.

पण फार गोड चित्र नको. हीच ईर्षा चढली की प्रेक्षकांत हाणामाऱ्या झाल्यात, मॅच थांबल्यात. ‘आपली पेठ’ म्हटलं की ‘त्यांची पेठ’ आलीच. आणि कोल्हापुरात मुलीही फुटबॉल खेळतात. पण रात्री दहाला कट्ट्यावर बसून मॅचवर बोलायची मुभा भावाला, बहिणीला नाही. हे मला खटकतं.

म्हणून आमच्या टर्फवर थोडा बदल केलाय. महिनाभर संघ तेच, मुलगे-मुली मिळून. पैसे गोळा करायचं काम दर आठवड्याला नव्या माणसाकडे. खेळ संपला की समोरच्या टपरीवर चहा, मोबाईल खिशात. दोघं वैतागून गेले, ‘खेळायला येतो, मीटिंगला नाही’ म्हणाले. बाकीचे टिकलेत. गोलकीपर मात्र अजून एक कमी आहे. शनिवारी सकाळी सातला. बूट नसले तरी चालतील.