लागलं का, हे नंतर विचारा

अपकृत्याचा कायदा शिकवताना दरवर्षी माझं गाडं एकाच ठिकाणी अडतं. कुणी मनाविरुद्ध दंड धरला, पाठीवर हात ठेवला, अशी तक्रार सांगितली की वर्गातून पहिला प्रश्न येतो, "पण लागलं कुठे?" घरीदारीही तेच. मंडळी, हा प्रश्न भरपाईचा आकडा ठरवताना विचारायचा. संमतीविना केलेल्या अशा स्पर्शाला कायद्यात 'बॅटरी' म्हणतात; ती झाली की नाही हे ठरवताना विचारायचा तो संमतीचा.

बांधाचंच बघा ना. शेजाऱ्यानं नांगराचं एक तास तुमच्या हद्दीत घातलं. पीक तुडवलं नाही, झाड तोडलं नाही. तुम्ही गप्प बसाल? सरकारी मोजणी मागवाल! "नुकसान किती झालं?" असं कुणी विचारलं, तर "हद्द माझी आहे" एवढंच सांगाल. वीतभर मातीसाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडतो, आणि अंगाच्या हद्दीबद्दल मात्र मुलीला सांगतो, "जाऊ दे, धक्काच तर लागला."

आता बांधावरून वहिवाट असते, हेही खरं. बैल न्यायला, पाणी पाजायला शेजारी जातो, त्याला आपण अडवत नाही. लोकलच्या गर्दीतला धक्का, लक्ष वेधायला खांद्यावर केलेली टकटक, ही माणसांतली वहिवाट. इंग्लंडमध्ये १९८४ साली न्यायमूर्ती रॉबर्ट गॉफ यांनी हे फार नेमकं मांडलं. एका महिला पोलिसानं अटक न करताच एका बाईला थांबवण्यासाठी तिचा दंड धरला होता. इजा काहीच नव्हती. पण हाक मारायला स्पर्श करणं वेगळं आणि जाणाऱ्याला धरून ठेवणं वेगळं, असं कोर्टानं ठरवलं. वहिवाट पायवाटेपुरती असते, तिथं नांगर घालता येत नाही.

"पण हेतू वाईट नव्हता," असं लगेच म्हटलं जातं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १८८९ साली एका शाळकरी मुलानं भर वर्गात दुसऱ्याच्या नडगीवर हलकीशी लाथ मारली. दुखवायचा हेतू नव्हता, हे ज्यूरीनंही मान्य केलं. तरी तिथल्या वरिष्ठ कोर्टानं सांगितलं की मैदानावर खेळताना असं झालं असतं तर निराळं. वर्ग सुरू असताना ती मुभा नव्हती. पुन्हा वहिवाटच!

आणि आपल्याकडचं उदाहरण तर ऐकाच. २००८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. दिल्लीतल्या एका बाईंनी दुर्बिणीनं तपासणी करायला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेतली आणि गर्भाशय नि बीजकोश काढून टाकले. डॉक्टरांचा हेतू चांगला होता, हे न्यायालयानं मानलं. जिवाला तातडीचा धोका मात्र नव्हता. शुद्धीवर आल्यावर बाईंना विचारता आलं असतं. म्हणून ही बॅटरी, असं न्यायालयानं म्हटलं. भरपाई पंचवीस हजार रुपये, आणि डॉक्टरांची फीसुद्धा नाकारली. सज्ञान बाईच्या शरीराची परवानगी तिची आई देऊ शकत नाही, नवराही नाही. हे मी मुद्दाम पुन्हा सांगतोय, कारण दवाखान्यात "घरच्यांची सही घ्या" म्हटलं की आपण सगळे निर्धास्त होतो. जिच्या अंगाला हात लावायचा, ती शुद्धीवर असेल, किंवा येईपर्यंत थांबता येत असेल, तर तिलाच विचारा.

आता शेवटचं एक उदाहरण. टेक्सासमध्ये १९६७ साली निकाल लागलेल्या एका खटल्यात हॉटेलमधल्या क्लबच्या मॅनेजरनं एका कृष्णवर्णीय पाहुण्याच्या हातातली ताटली हिसकावली होती. अंगाला बोटही लागलं नव्हतं. तरी कोर्टानं ती बॅटरी मानली, कारण हातात धरलेली वस्तू ही अंगाच्याच हद्दीत येते. मग खेचलेली ओढणी, ओढलेली पिशवी, हातातून काढून घेतलेला मोबाइल यांचं काय, ते पुढच्या वेळी...